पेडर सरोवर, फ्रँकलिन नदी आणि दोन हौशी छायाचित्रकार

१/
५ मार्च १९८३ रोजी ऑस्ट्रेलियात संसदेची निवडणूक झाली. मतदानाच्या काही दिवस आधी सिडनी आणि मेलबर्नच्या प्रमुख वृत्तपत्रांत एक पूर्ण पानाची रंगीत जाहिरात झळकली. तीत कोणा नेत्याचा चेहरा नव्हता. धुक्यात बुडालेली एक नदी, पात्राच्या मधोमध उभा खडक आणि त्याला वळसा घालून जाणारे पांढरे पाणी, एवढेच त्यात होते. सोबत मतदाराला प्रश्न केला होता: हे नष्ट करू पाहणाऱ्या पक्षाला तुम्ही मत द्याल का?

२/
ती नदी टास्मानिया बेटावरची फ्रँकलिन. छायाचित्र पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांचे. जाहिरात पाहणाऱ्या बहुसंख्य मतदारांनी ही नदी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पायी किंवा रबरी तराफ्यातून दिवसेंदिवस प्रवास केल्याशिवाय ती दिसतही नसे. सुट्टीत रानावनात आणि समुद्रकाठी हिंडून निसर्गदृश्ये टिपण्याची हौस एका देशाच्या निवडणुकीपर्यंत कशी पोहोचली आणि वाटेत तिने काय गमावले, त्याचा हा इतिहास.

३/
टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे बेट-राज्य. क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाहून थोडे अधिक. दक्षिण महासागरावरून येणारे पश्चिमी वारे बेटाच्या पश्चिम डोंगरांवर आदळतात. त्यामुळे तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही आपल्या घाटमाथ्यासारखा चार महिन्यांत नव्हे, तर बारा महिने थोडा थोडा. दाट जंगल, दलदलीची गवताळ माळराने आणि गारगोटीचे पांढरे कडे असा हा मुलूख. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नैर्ऋत्य भागात रस्ताच नव्हता.

४/
पाऊस आणि उतार जिथे एकत्र येतात तिथे वीज तयार करता येते. १९१६ मध्ये वाडामाना येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९३० मध्ये राज्याचा जलविद्युत आयोग स्थापन झाला. स्वस्त विजेवर कारखाने आणायचे आणि कारखान्यांवर बेटाची भरभराट करायची, हे पुढील अर्धशतकाचे सरकारी धोरण होते. सत्तेवर पक्ष कोणताही असो, आयोगाच्या योजनांना विधिमंडळात क्वचितच विरोध होई. धरण म्हणजे रोजगार, हे समीकरण घराघरांत मान्य होते.

५/
याच बेटावर कॅमेरा घेऊन रानात शिरण्याची परंपराही जुनी होती. जॉन वॉट बीटी हा स्कॉटलंडमध्ये १८५९ साली जन्मलेला तरुण १८७८ मध्ये कुटुंबासह टास्मानियात आला. शेतीत त्याचे मन रमले नाही. १८७९ पासून तो कॅमेरा घेऊन रानातील सरोवरांकडे फेऱ्या करू लागला. त्याच सुमारास प्रचारात येणाऱ्या कोरड्या काचांमुळे हे शक्य झाले. पूर्वीच्या ओल्या पद्धतीत काचेवर जागीच रसायन चढवून ती ओली असतानाच धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रकाराला अंधाराचा तंबू आणि बाटल्या घेऊनच फिरावे लागे.

६/
बीटी १८८२ पासून व्यावसायिक छायाचित्रकार झाला. पण त्याची कीर्ती झाली ती ‘जादूच्या कंदिला’मुळे. काचेवरील चित्र कंदिलाच्या उजेडात पडद्यावर मोठे करून दाखवायचे आणि सोबत व्याख्यान द्यायचे. गॉर्डन नदीकाठचे ह्यूऑन पाइन वृक्ष तोडले जात असताना बीटीने त्याविरुद्ध आवाज उठवला. दूरच्या रानाचे चित्र शहरातल्या सभागृहात आणून लोकांना त्या रानाचे पक्षकार करायचे, ही रीत टास्मानियात अशी रुजली. अर्धशतकानंतर तिला नवा वारस मिळाला.

७/
त्याचे नाव ओलेगास त्रुखानास. जन्म १९२३, लिथुआनियातील श्याउल्याय शहरी. दुसऱ्या महायुद्धात त्याचा देश आधी सोव्हिएत, मग नाझी आणि पुन्हा सोव्हिएत सत्तेखाली गेला. युद्धाच्या अखेरीस तो जर्मनीत पोहोचला आणि म्युनिकमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊ लागला. घरी परतणे अशक्य होते. १९४८ मध्ये विस्थापितांच्या योजनेतून तो टास्मानियात उतरला. अशा स्थलांतरितांना सरकार सांगेल ते काम करण्याचा करार पाळावा लागे. कायद्याच्या या विद्यार्थ्याच्या वाट्याला होबार्टजवळच्या जस्त कारखान्यातील अंगमेहनत आली.

८/
पुढे त्याला जलविद्युत आयोगात कारकुनाची नोकरी मिळाली. आठवडाभर तो आयोगाच्या कचेरीत बसे आणि सुट्टी मिळताच नैर्ऋत्येच्या रानात जाई. १९५२ मध्ये त्याने फेडरेशन पीक हे अवघड शिखर एकट्याने सर केले. पेडर सरोवरातून निघून सर्पेंटाइन आणि गॉर्डन नद्यांच्या घळईतून समुद्रापर्यंत एकट्याने जाण्याचा बेत त्याने आखला. पहिल्या प्रयत्नात कयाक गमावून त्याला परतावे लागले. १९५८ मध्ये स्वतः बांधलेल्या कयाकमधून त्याने हा प्रवास पुरा केला. त्या घळईतून एकट्याने पार होणारा तो पहिला माणूस मानला जातो.

९/
या भटकंतीत कॅमेरा कायम सोबत असे. त्रुखानास मुख्यतः ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड काढत असे. स्लाइडचे वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण पुढची कथा त्यावर बेतलेली आहे. निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात. स्लाइडमध्ये मात्र कॅमेऱ्यात असलेली फिल्मच धुऊन चौकटीत बसवली जाते. पडद्यावर दिसते ती तीच मूळ फिल्म. रंग अत्यंत शुद्ध दिसतात, पण मूळ वस्तू एकच असते. ती गेली की चित्र गेले.

१०/
त्याच्या चित्रांत वारंवार येणारी जागा म्हणजे पेडर सरोवर. डोंगरांच्या कुशीत, सुमारे १० चौरस किलोमीटरचे, उथळ पाण्याचे नैसर्गिक सरोवर. त्याच्या पूर्वेस जवळपास ३ किलोमीटर लांबीचा गुलाबी छटेच्या गारगोटी-वाळूचा किनारा होता. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की हा किनारा इतका रुंद आणि घट्ट होई की लहान विमाने त्यावर उतरत. समुद्रापासून दूर डोंगरात असा समुद्रकिनाऱ्यासारखा किनारा, हे दृश्य पाहणाऱ्याला विलक्षण वाटे. १९५५ मध्ये सरोवराभोवतीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

११/
ते संरक्षण बारा वर्षे टिकले. १९६५ मध्ये मुख्यमंत्री एरिक रीस यांनी उद्यानात थोडाफार फेरबदल होईल असे सूचित केले. १९६७ मध्ये योजना उघड झाली. गॉर्डन आणि सर्पेंटाइन नद्यांवर धरणे बांधली जाणार होती. पेडर सरोवर त्याच्या किनाऱ्यासह सुमारे १५ मीटर पाण्याखाली जाणार होते आणि त्या जागी सुमारे २४० चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहणार होता. त्याच वर्षी विधिमंडळाने योजनेला मंजुरी दिली आणि उद्यानाचा दर्जा काढून घेतला. नव्या जलाशयालाही ‘पेडर सरोवर’ हेच नाव देण्यात आले.

१२/
धरणात बुडणाऱ्या जमिनीचा लढा मराठी वाचकाला १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून परिचित आहे. तिथे मावळातील शेतकरी होते, त्यांची घरे, देवळे आणि भातखाचरे होती. ‘आम्ही इथे राहतो’ असे सांगणारी माणसे होती. पेडरच्या काठी त्या वेळी एकही गाव नव्हते. जिथे कोणी राहत नाही, जिथे बहुतेक नागरिक कधी गेलेले नाहीत, त्या जागेच्या बाजूने साक्ष द्यायची कोणी? या प्रश्नाला उपलब्ध असलेले उत्तर म्हणजे तिथे हौसेने गेलेल्या मूठभर माणसांची छायाचित्रे.

१३/
आणि नेमकी तीच नाहीशी झाली. ७ फेब्रुवारी १९६७ रोजी होबार्टच्या परिसरात भीषण वणवे पेटले. त्या एका दिवसात ६२ माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो घरे जळाली. त्रुखानास कुटुंबाचे घर त्यांपैकी एक होते. घराबरोबर जवळपास वीस वर्षांच्या भटकंतीच्या स्लाइड जळून गेल्या. निगेटिव्ह नव्हत्या आणि दुसरी प्रतही नव्हती. ज्या वर्षी सरोवराच्या अंतावर शिक्कामोर्तब झाले, त्याच वर्षी त्या सरोवराचा सर्वांत मोठा दृश्य-संग्रह राख झाला.

१४/
त्रुखानास त्या वेळी ४३ वर्षांचा होता. त्याने घर पुन्हा बांधायला घेतले आणि संग्रहही पुन्हा उभा करायला घेतला. म्हणजे तेच डोंगर पुन्हा चढायचे, त्याच नद्यांत पुन्हा उतरायचे, योग्य प्रकाशाची पुन्हा वाट पाहायची. फरक इतकाच की आता मुदत ठरलेली होती. धरणाचे दरवाजे बंद होण्यापूर्वी पेडरच्या जितक्या ऋतूंची नोंद होईल तितकी करून ठेवायची होती. पूर्वी जी हौस होती तिला आता दस्तऐवज तयार करण्याच्या कामाचे स्वरूप आले.

१५/
त्याची अडचण दुहेरी होती. ज्या आयोगाविरुद्ध जनमत उभे राहत होते, त्याच आयोगाचा तो कर्मचारी होता. उघड टीका करणे त्याला शक्य नव्हते. तेव्हा त्याने टीका न करता दाखवणे सुरू केले. होबार्टच्या टाउन हॉलमध्ये संगीताच्या साथीने पेडरच्या स्लाइड दाखवल्या जात आणि सभागृह भरून जाई. पडद्यावर पहाटेचा किनारा, वादळापूर्वीचे आकाश, वाळूवरील पाण्याच्या नक्ष्या एकामागून एक उलगडत. काय हरवणार आहे याचा हिशेब प्रेक्षक मनाशी करत.

१६/
तो एकटा नव्हता. मॅक्स अँगस आणि इतर जलरंगचित्रकारांनी सरोवराच्या काठी जाऊन चित्रे रंगवली. पदभ्रमण मंडळांनी सभा घेतल्या. १९७१ च्या मार्चमध्ये जोडसुट्टीला शेकडो लोक, कोणी चालत, कोणी छोट्या विमानाने, पेडरच्या किनाऱ्यावर पोहोचले. आजवर छायाचित्रात पाहिलेली वाळू त्यांनी पायाखाली अनुभवली. सरकारचा निर्णय मात्र बदलला नाही.

१७/
१९७१ अखेर सर्पेंटाइनचे धरण पुरे होत आले. पेडरपाठोपाठ गॉर्डन नदीचा काही भागही बुडणार होता आणि वणव्यात जळालेल्या संग्रहातील गॉर्डनची चित्रे अजून भरून काढायची होती. जानेवारी १९७२ मध्ये त्रुखानास त्यासाठी नदीवर गेला. ६ जानेवारीला प्रवाहात पाय घसरून तो वाहून गेला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह पाण्याखालील एका झाडाला अडकलेला सापडला. तो शोधणारा तरुण म्हणजे त्याचा शिष्य, पीटर डोम्ब्रोव्हस्किस.

१८/
त्याच वर्षी पाणी चढत गेले. २३ मार्च १९७२ रोजी होबार्टच्या टाउन हॉलमध्ये, जिथे त्या स्लाइड दाखवल्या गेल्या होत्या, ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ स्थापन झाला. जगातील पहिला हरित राजकीय पक्ष म्हणून त्याची गणना होते. ८ सप्टेंबरला ब्रेंडा हीन आणि वैमानिक मॅक्स प्राइस हे कॅनबेराच्या आकाशात निषेध लिहिण्यासाठी जुन्या टायगर मॉथ विमानाने निघाले आणि बेपत्ता झाले. त्यांचा मागमूस लागला नाही. १९७३ मध्ये केंद्राच्या चौकशी समितीने कामाला स्थगिती देण्याची शिफारस केली. राज्य सरकारने ती धुडकावली.

१९/
पेडर का हरले, याची कारणे स्पष्ट आहेत. निर्णय राज्याच्या विधिमंडळाच्या हाती होता आणि तिथे दोन्ही प्रमुख पक्ष धरणाच्या बाजूने होते. केंद्राला हस्तक्षेपाचा ठोस कायदेशीर आधार नव्हता. आणि चित्रे पाहणारे लोक मुख्यतः होबार्टचे होते. स्लाइड एका वेळी एका सभागृहालाच दाखवता येते; सिडनी-मेलबर्नच्या लाखो मतदारांपर्यंत ती पोहोचत नाही. पेडरच्या अनुभवातून पुढील पिढीने हे तिन्ही धडे घेतले.

२०/
डोम्ब्रोव्हस्किसचा जन्मही विस्थापनातलाच. १९४५ मध्ये जर्मनीतील वीसबाडेनच्या निर्वासित छावणीत लाटव्हियन आईबापांच्या पोटी तो जन्मला. वडील युद्धात हरवले. १९५० मध्ये आई त्याला घेऊन टास्मानियात आली. निसर्गाची आवड आईची आणि पहिला कॅमेराही तिनेच मुलाच्या हाती दिला. सतरा वर्षांचा असताना त्याची त्रुखानासशी गाठ पडली. होडी कशी हाकायची, पावसात तंबू कुठे ठोकायचा आणि डोंगराकडे बघायचे कसे, हे तो त्याच्याकडून शिकला. वडिलांविना वाढलेल्या मुलाला त्रुखानासमध्ये वडीलधारा मिळाला होता.

२१/
गुरूने लहान कॅमेरा आणि स्लाइड वापरली. शिष्याने पुढे उलट वाट धरली. त्याचा मुख्य कॅमेरा लिनहॉफ हा घडीचा जर्मन कॅमेरा होता. त्यात सुमारे १० बाय १२ सेंटीमीटरची फिल्म एका वेळी एकच पान याप्रमाणे घालावी लागते. कॅमेरा तिपाईवर चढवायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे, काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा निरखायची आणि मग एकदाच कळ दाबायची. तंबू, शिधा आणि हे सारे ओझे पाठीवर घेऊन दिवसभर चालल्यावर मिळणारी चित्रे थोडीच असत. मात्र एवढ्या मोठ्या फिल्मवरून भिंतीएवढे मुद्रण करता येई आणि शेवाळाचा एकेक तंतू स्पष्ट राही.

२२/
समुद्रकाठी ही पद्धत विशेष खुलली. टास्मानियाचा दक्षिण किनारा दिवसेंदिवस चालूनच गाठता येतो. पुढे १९८४ मध्ये तो टास्मानिया आणि अंटार्क्टिकाच्या दरम्यान असलेल्या मॅक्वारी बेटावरही गेला. तिथल्या हॅसलबरो उपसागरातील महाकाय सागरी शैवालाचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात क्षितिज नाही, सूर्यास्त नाही. दिसतात ते लाटेबरोबर वळलेले चामड्यासारखे जाड पट्टे. दूरच्या भव्य देखाव्याइतकेच पायाशी पडलेले पान, गोटा, ओंडका महत्त्वाचा, ही त्याची दृष्टी अशा चित्रांतून कळते.

२३/
चित्रे लोकांपर्यंत नेण्याचा त्याचा मार्गही वेगळा होता. १९७२ पासून तो दिनदर्शिका काढू लागला आणि १९७७ मध्ये त्याने स्वतःची ‘वेस्ट विंड प्रेस’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. हौशीचे आता उपजीविकेत रूपांतर झाले. स्लाइड पाहायला सभागृहात जावे लागे. दिनदर्शिका स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर टांगलेली राही. ज्या घरातील कोणीही रानात पाऊल टाकले नव्हते, त्या घरालाही डोंगर आणि नद्यांची नावे परिचित झाली.

२४/
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोगाची पुढची योजना आकारास आली: फ्रँकलिनच्या संगमाखाली गॉर्डन नदीवर धरण, ज्यामुळे फ्रँकलिनचे खोरे बुडाले असते. १९७६ मध्ये बॉब ब्राउन या डॉक्टरने रबरी तराफ्यातून फ्रँकलिनचा प्रवास केला आणि तो तिचा वकील होऊनच परतला. डिसेंबर १९८१ मध्ये राज्य सरकारने जनमत घेतले. पण मतपत्रिकेवर दोन वेगवेगळ्या धरणांतून एक निवडण्याचाच पर्याय होता. सुमारे एक-तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर ‘धरण नको’ असे स्वहस्ते लिहिले.

२५/
१९८२ मध्ये सत्तेवर आलेले मुख्यमंत्री रॉबिन ग्रे धरणाचे कट्टर समर्थक होते. फ्रँकलिन म्हणजे जळवांनी भरलेला एक तपकिरी नाला, अशी त्यांनी तिची संभावना केली. पाणी तपकिरी होते यात खोटे काही नाही. माळरानावरील वनस्पतींतून झिरपणाऱ्या टॅनिनमुळे तिथल्या नद्यांना कोऱ्या चहाचा रंग येतो. नदी तीच, एकाच्या लेखी नाला आणि दुसऱ्याच्या चौकटीत धुक्यातले एक अलौकिक वळण. कोणते वर्णन देशाच्या मनात बसणार, यावर बरेच काही अवलंबून होते.

२६/
१४ डिसेंबर १९८२ रोजी दोन घटना एकदम घडल्या. युनेस्कोने पश्चिम टास्मानियातील या रानाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि त्याच दिवशी आंदोलकांनी नदीवर बांधकामाची अडवणूक सुरू केली. पुढील काही महिन्यांत सुमारे १,३०० जणांना अटक झाली. वृत्तवाहिन्यांवर तराफे, पोलीस आणि यंत्रे दिसत होती. तिकडे नदीच्या त्या एका वळणाचे चित्र भित्तिपत्रकांवरून, दिनदर्शिकांवरून आणि शेवटी निवडणुकीच्या जाहिरातीतून घरोघरी गेले.

२७/
निवडणुकीत बॉब हॉक यांचा मजूर पक्ष जिंकला. त्याने धरण थांबवण्याचे आश्वासन दिले होते. पण निकालातील एक तपशील बहुधा विसरला जातो: खुद्द टास्मानियातील लोकसभेच्या पाचही जागा धरणसमर्थक लिबरल पक्षाने जिंकल्या. नदीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांनी रोजगाराच्या बाजूने कौल दिला आणि नदी कधी न पाहिलेल्यांच्या मतांनी बनलेल्या सरकारने ती वाचवली. छायाचित्राची पोच आणि तिची मर्यादा, दोन्ही या निकालात दिसतात.

२८/
नव्या सरकारने जागतिक वारसास्थळांच्या रक्षणाचा कायदा केला. राज्याने तो न्यायालयात आव्हानित केला. १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायपीठ आहे, चार विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या बाजूने निर्णय दिला. धरण रद्द झाले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर ते विख्यात चित्र आज बुडालेल्या नदीचे स्मारक ठरले असते, जसे त्रुखानासच्या स्लाइड पेडरचे ठरल्या.

२९/
म्हणूनच एका छायाचित्राने नदी वाचवली, हे लोकप्रिय विधान अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय करार, केंद्राचा कायदा, तुरुंगात गेलेली माणसे आणि राष्ट्रीय पक्षाचा हिशेब हे सारे जुळून आले. पेडरची चित्रे कमी सुंदर नव्हती. त्यांच्यामागे हा आधार नव्हता. चित्राने केले ते इतकेच की दूरच्या माणसाला आपले काय जाणार आहे हे दाखवले. बाकीचे काम राजकारणाने आणि कायद्याने केले.

३०/
या चित्रांबद्दल दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांत माणूस नाही. मनुष्यस्पर्शरहित आदिम रान हीच कल्पना चळवळीने देशापुढे ठेवली आणि ती प्रभावी ठरली. पण फ्रँकलिनच्या काठी १९७७ मध्ये एक गुहा सापडली आणि १९८१ मध्ये तिथे उत्खनन झाले. दगडी हत्यारे आणि शिकारीच्या हाडांचे प्रचंड साठे मिळाले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, माणसे तिथे राहत होती. या गुहेला आज कुटिकिना म्हणतात.

३१/
म्हणजे पेडर-फ्रँकलिनचा मुलूख निर्मनुष्य नव्हता. तो निर्मनुष्य करण्यात आला होता. १८०३ मध्ये ब्रिटिश वसाहत आल्यानंतर तीन-चार दशकांत टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा संहार झाला आणि उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर हलवले गेले. नैर्ऋत्येची मोकळी माळरानेही केवळ निसर्गाची करणी नसून, मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे जाणीवपूर्वक लावलेल्या आगींनी ती राखली गेली होती, असे अभ्यासक मानतात. त्या लोकांचे वंशज आजही टास्मानियात आहेत.

३२/
न्यायालयातील लढ्यात कुटिकिनासारख्या गुहांच्या पुराव्याला मोठे स्थान मिळाले. जनतेसमोर नदी निर्मनुष्य म्हणून मांडली गेली आणि न्यायासनासमोर प्राचीन मानवी वस्तीची जागा म्हणून. दोन्ही मांडण्यांनी नदीला मदत केली, परंतु दिनदर्शिकेवर आली ती पहिलीच. छायाचित्र साक्षीदार असते हे खरे. तरी साक्षीदाराने चौकटीबाहेर काय ठेवले, हे इतिहासाने विचारलेच पाहिजे. गावे नाहीत म्हणून ज्या जागेला साक्षीदार नव्हता असे वाटले, तिच्या पोटात हा पुरावा होता.

३३/
२८ मार्च १९९६ रोजी डोम्ब्रोव्हस्किस वेस्टर्न आर्थर पर्वतरांगेत एकटाच छायाचित्रणासाठी गेला असता हृदयविकाराने मरण पावला. गुरू नदीत गेला, शिष्य डोंगरात. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय छायाचित्रण सन्मान-सूचीत त्याची निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन. फ्रँकलिन आजही वाहते आणि रबरी तराफ्यातून तिचा प्रवास करण्यासाठी जगभरातून लोक जातात.

३४/
पेडर अजून पाण्याखाली आहे. जलाशय रिकामा करून मूळ सरोवर परत आणावे, अशी मागणी १९९० च्या दशकात जोर धरू लागली. १९९५ मध्ये संसदीय समितीने तिची तपासणीही केली. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचे दिसले, पण झाले मात्र नाही. फक्त तिथेच सापडणारा एक गांडूळ नामशेष झाल्याचे घोषित झाले आहे. पेडर गॅलेक्सियस हा तिथलाच इवलासा मासा मूळ सरोवरातून नाहीसा झाला. तत्पूर्वी शास्त्रज्ञांनी त्याचे काही नमुने वेस्टर्न आर्थर रांगेतील ओबेरॉन या उंचावरील तळ्यात नेऊन सोडले. तिथे तो तगला.

३५/
ओबेरॉन तळे अनेकांना आधीच ओळखीचे आहे. डोम्ब्रोव्हस्किसच्या सर्वाधिक गाजलेल्या चित्रांपैकी एक त्याचेच, १९८८ चे. पुढे शास्त्रज्ञांनी पेडरचा मासा ज्या पाण्यात सोडला, तेच पाणी त्या चित्रात कड्यांच्या तळाशी काळेभोर दिसते. त्या वेळी ते केवळ एक सुंदर तळे होते. पेडरमधून जे जिवंत वाचले त्यातले काही आज तिथे आहे आणि पेडरचा गुलाबी किनारा कसा होता हे पाहायचे असेल, तर वणव्यानंतर पाच वर्षांत पुन्हा जमवलेल्या स्लाइडकडेच वळावे लागते.